‘कचरला’ म्हणे

माझा मुलगा शाळेत मास्तर आहे. परवा संध्याकाळी पोरांना शिकवायचे शब्द काढत बसला होता. मधेच मान वर करून म्हणाला, “आई, कचरणे म्हणजे घाबरणे असं सांगितलं तर चालेल ना?” मी तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हटलं, “चालेल. तुम्हा मास्तरांना काय, सगळंच चालतं.” त्याने ते खरं धरलं आणि पुढच्या शब्दाकडे वळला. मला मात्र दोन दिवस चैन पडलं नाही. चाळिशी उलटल्यावर यानेच मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती, म्हणून आज त्याचीच दौत घेऊन बसले आहे. बोटं आखडतात, डोळ्यांतून पाणी गळतं आणि या वयात जुनं उकरायचा मनापासून कंटाळा येतो. पण सांगितल्याशिवाय सुटका नाही असं दिसतं.

घाबरणं वेगळं. घाबरलेला माणूस ओरडतो, पळतो, दुसऱ्याला मिठी मारतो आणि थोड्या वेळाने त्याचं त्यालाच हसू येतं. कचरलेला माणूस जागच्या जागी उभा राहतो. जे करायचं ते त्याला चांगलं येत असतं, कालपर्यंत त्याने ते डोळे मिटून केलेलं असतं. ज्याला पोहता येत नाही तो काठावर बसला तर त्याला कोणी नाव ठेवत नाही. पट्टीचा पोहणारा काठावर थबकला की लोक एकमेकांना कोपराने ढोसतात आणि म्हणतात, कचरला. हा शब्द एक अख्खा हंगाम माझ्या नवऱ्याच्या मागे लागला होता. आणि त्याचा अर्थ विचारणारा हा मास्तर तेव्हा माझ्या अंगावर पीत होता.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि साऱ्या जगाला एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली होती. ज्वारीच्या वावरातही लोकांनी पऱ्हाटी लावली. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. जो तो खुशीत होता, जो तो घाईत होता, आणि घाईत असलेल्या माणसाला आपण काय बोलतो, कोणाला तुडवतो, याचं भान नसतं. लोक त्या दिवसांची आठवण काढून अजून मिटक्या मारतात. मला तेव्हाचं आठवतं ते नाकातोंडात जाणारं कापसाचं तूस आणि रात्री न हलणारे खांदे.

माझं माहेर अमरावतीच्या वेशीबाहेर, फुलं-भाजीचा मळा करणाऱ्यांचं. सासर बार्शीटाकळीच्या बाजूचं. सासरी जमीन होती, पण दोन भावांच्या संसाराला पुरेल एवढी नव्हती, म्हणून हंगामात सगळं घर अकोल्याला जाऊन राहायचं आणि रुईच्या वखारीत काम करायचं. तिथे आमचे हे बोजा तुडवायचे. आता गावोगाव लोखंडी दाबयंत्रं आली, त्यामुळे हे काम आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही. चार उंच खांबांवर एक लाकडी चौकट असायची. तिच्यातून माणसापेक्षा खोल असा तरटाचा थैला लोंबता सोडायचा. थैल्यात एक जण उतरायचा. चौकटीलगत माच बांधलेला, त्यावर दुसरं माणूस उभं राहून वरून रुई टाकायचं. आतल्याने ती गोल फिरत, आधी कडेकडेने आणि मग मधे, टाचांनी गच्च दाबायची. रुई चढत जायची तसा तोही चढत जायचा आणि शेवटी थैल्याच्या तोंडाशी बाहेर यायचा. तो गच्च भरलेला थैला म्हणजे बोजा.

उतरण्याआधी रुईला हात जोडायचे. लक्ष्मीला पाय लागणार, म्हणून तिची माफी मागायची. आत गेल्यावर प्रत्येक फेर पुरा झाला की आतल्याने ‘हूं’ म्हणायचं. ते ऐकू आलं की वरच्याने पुढची कवळ, म्हणजे दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढी रुई, सोडायची. ‘हूं’ आलं नाही तर हात आवरायचा. आणि वर टाकणारं माणूस घरचंच हवं, बायको, भाऊ नाहीतर बाप. परक्याच्या हातची रुई डोक्यावर घ्यायची नाही, असा त्या कामातला रिवाज होता. तो का पडला असेल, हे सांगायची गरज नाही.

लग्नानंतर लागोपाठ तीन हंगाम माचावर मी उभी राहिले. मला त्या कामाचा गर्व होता, उगीच नाही म्हणत नाही. माझी कवळ ना मोठी ना लहान, आणि यांचं ‘हूं’ इतकं ठरल्या वेळी यायचं की कधी कधी ते येण्याआधीच माझे हात सैल व्हायचे. आमच्या दोघांचं घरात फारसं बोलणं नसायचं. सासू, थोरले दीर, जाऊ यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायची तेव्हा सोय नव्हती. आमचा संसार खरं म्हणजे त्या थैल्याच्या तोंडाशीच झाला.

चौथ्या हंगामात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. माचावर माझ्या जागी भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ उभे राहिले. पौषात मी बाळंत झाले. बाराव्या दिवशीच अकोल्याहून रुईच्या गाड्या घेऊन आलेला एक गाडीवान आमच्या मळ्याशी थांबला आणि बैलांना पाणी पाजता पाजता माझ्या आईला म्हणाला, “तुमचा जवाई थैल्यात दबला होता. वाचला. मुकादमानं विळ्यानं थैला फाडला अन् ओढून काढलं. पन तवापासून आत उतरून नाई रायला. कचरला म्हने.” मी दाराआड बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. आई म्हणाली, “जीव वाचला ना, मंग झालं.” मलाही तेव्हा तसंच वाटलं. रडले, देवाला हात जोडले, आणि झोपले.

शिमग्याच्या सुमाराला अकोल्याला सासरच्यांकडे परतले तेव्हा काय झालं आहे ते कळलं. दबल्याच्या दुसऱ्या दिवशी हे नेहमीसारखे माचावर चढले होते म्हणे. रुईला हात जोडले, थैल्यात डोकावले आणि तसेच खाली उतरले. तिसऱ्या दिवशीही तेच. मग वखारीत त्यांना रुईची गाठोडी वाहायला लावलं. ते काम बाया आणि म्हातारे करायचे. जाता-येता कोणीतरी विचारायचं, “काहून गा, आज बी मन नाई होत?” हे मान खाली घालून गाठोडं उचलायचे. पूर्वी जेवताना दोन शब्द बोलायचे, तेही आता बंद झालं होतं. बाळाला घेतलं की त्याच्याकडे बघत बसायचे, पण त्याच्याशीही बोलायचे नाहीत.

भासरे मात्र भरपूर बोलायचे. तेजीत त्यांनी एक छत्री घेतली होती. आमच्या भागात तोवर छत्री फक्त साहेबाच्या डोक्यावर पाहिलेली, त्यामुळे पाऊस असो नसो, ऊन असो नसो, ती त्यांच्या काखेत असायची. ती टेकून उभे राहायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, “थैल्यात बिचकला अन् ‘हूं’ म्हनाचंच इसरला. आता मी वरून काय करू? आता तर पार हायच खाल्ली त्यानं.” लोक हळहळायचे. भासऱ्यांसाठी आधी, यांच्यासाठी नंतर.

उपायांना तोटा नव्हता. सासूने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. कोणी ताईत आणला. शेजारच्या एका म्हातारीने थैल्याच्या तरटाचा तुकडा जाळून त्याचा अंगारा लावायला सांगितला, तोही लावला. हे सगळं निमूट करून घ्यायचे. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला राग यायचा. रात्रभर रडणारं मूल, दिवसभर घरची कामं, आणि पाणवठ्यावर गेलं की बायांचं ते खालच्या आवाजातलं ‘कचरला म्हने’. एखाद्या शब्दाचा माणसाला इतका वीट येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. बोलायला कचरतो, मागायला कचरतो, असं आपण म्हणतो. यांच्याबाबतीत लोक नुसतंच कचरला म्हणायचे, जसं काही त्यांचं सगळंच संपलं.

एक दिवस मुकादम घरी आला आणि ओसरीवर बसून सासूला म्हणाला की पाडव्यापर्यंत वाट पाहतो. तोवर तुमचा लहाना थैल्यात उतरला नाही तर चौकट दुसऱ्याला देतो. सासूचा चेहरा उतरला. एका वखारीत चौकट गेलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही वखारीत कोणी थैल्याजवळ उभं करत नसे. एकदा उतरवला तो कायमचा उतरला. हे माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठे होते. उरलेला जन्म गाठोडी वाहण्यात आणि लोकांच्या नजरा चुकवण्यात गेला असता. ते मला डोळ्यांसमोर दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी घेऊन वखारीत गेले. हे मागच्या कडुनिंबाखाली एकटेच बसले होते. मी भाकरी पुढे ठेवली आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

“लोकायले काय सांगू मी? आजवर इतके बोजे तुडवले, अन् एकदा दबले तर येवढं काय झालं? कोनी दबत नाई काय? लेकराले मोठेपनी काय सांगू, बाप काहून गाठोडे वाह्यते म्हनून?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, “मी ‘हूं’ म्हनाचं इसरलो नाई.”

“मंग?”

“म्हनलंच नाई. फेर पुरा झाला नव्हता. तरी रुई येऊनच रायली. एक कवळ, त्याच्यावर दुसरी. मी वरडलो. नाकातोंडात तूस गेलं तरी वरडलो. मंग मले वरून हासू ऐकू आलं.”

मला कळेना. “कोनाचं हासू?”

“सारेच हासून रायले होते. दादानं छत्री उघडली होती, ते नंतर समजलं मले. त्या दिवशीच घेतली होती नवी. माचावर छत्री धरून, साहेब कसा चालते ते करून दाखोत होता. बाकीच्यायनं बी त्याच्यासंगं माचावर चढून रुई लोटली, मजेमजेत. त्यायचं ध्यानच नव्हतं.”

मी तोंडावर पदर धरला.

“मरनाचं भेव नाई वाटलं मले,” ते म्हणाले. “तवा वाटलं नाई, आता बी वाटत नाई. पन मी आत हाये, हेच कोनाच्या ध्यानात नाई, असं वाटलं. माह्या भावाच्या बी. आता थैल्यात पाह्यलं का मले ते हासू ऐकू येते. पाय उचलत नाई.”

माझ्या अंगाची आग झाली. मी उठले. भर वखारीत भासऱ्यांची छत्री मोडून त्यांच्या हातात द्यायची आणि साऱ्यांना ओरडून सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. यांनी माझा पदर धरला. भर दिवसा, वखारीतले चार लोक लांबून बघत असताना त्यांनी मला हात लावायची ती पहिलीच वेळ.

“सांगू नको,” म्हणाले. “बाप गेल्यावर त्यानंच मले वाढोलं. त्याच्या तोंडाले काळं फासून मले चौकट नाई पाह्यजे.”

मला भासऱ्यांचा राग होताच, आता यांचाही आला. हा कसला चांगुलपणा, ज्यात दोषी छत्री घेऊन मिरवतो आणि निर्दोष गाठोडी वाहतो? आजही मला तो पटलेला नाही. पण ते माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होते त्यापुढे मला ‘बरं’ म्हणण्याशिवाय काही सुचलं नाही. मी खाली बसले. मग मला जे इतके दिवस सुचायला हवं होतं ते सुचलं.

“वरून मी टाकलं तर?” मी विचारलं. “तर उतरसान?”

त्यांनी लगेच मान हलवली. हो म्हणायला त्यांना एक क्षणही लागला नाही. तेव्हा मला समजलं की हा माणूस इतके दिवस माझी वाट पाहत होता आणि मी आल्यावरही मागायचं धाडस त्याला झालं नव्हतं. कारण अंगावर पाजणाऱ्या बाईने माचावर चढायचं नाही, हाही एक रिवाजच होता. तूस दुधात उतरतं आणि लेकराच्या छातीत बसतं असं म्हणायचे. मुलापेक्षा मी मोठा कसा, असा विचार करून हे गप्प बसले असणार. आमच्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याला सांभाळायला गप्प बसायचा, आणि सगळ्यांचं वाटोळं व्हायची पाळी यायची.

घरी येऊन मी सासूला म्हटलं, “आत्याबाई, मी उद्यापासून माचावर उभी राह्यतो.” त्या जात्याशी बसल्या होत्या. खुंटा तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या पडणार. त्यांनी हळूच विचारलं, “त्यानं सांगतलं तुले?”

मी जात्याभोवती सांडलेलं पीठ गोळा करू लागले. त्यांनी पुढे विचारलं नाही. दोन्ही पोटचेच. कुठल्या तोंडाने बोलणार होत्या? जात्याला दोन-तीन फेर देऊन म्हणाल्या, “तोंडाले दुहेरी फडकं बांधजो. लेकराले मी गाईचं दूध पाजतो.” बस, एवढंच.

पाडव्याच्या आधल्या दिवशी आम्ही दोघं वखारीत चौकटीशी गेलो. बातमी आधीच पोचली होती. हातातली कामं टाकून लोक गोळा झाले. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा. भासरेही आले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, यांच्याकडेही नव्हते. छत्रीच्या दांड्यावरची धूळ पुसत होते.

यांनी रुईला हात जोडले. दोर धरला, मान खाली घातली आणि एकदम आत उतरले. त्यांच्या पायांचा आवाज तळाशी आला. गर्दीतून कोणीतरी ‘वा रे वा’ म्हटलं. माझे डोळे भरून आले. मी रुईची कवळ उचलली आणि थैल्याच्या तोंडावर धरली. खालून ‘हूं’ आलं, अगदी पहिल्यासारखं.

आणि माझे हात सुटेनात.

मी खाली वाकून पाहिलं. इतक्या वर्षांत मी कधी आत वाकून पाहिलंच नव्हतं, गरज पडली नव्हती. अंधारात एक पागोटं दिसत होतं आणि त्याच्यावर माझ्या हातातली ही एवढी रुई. हलकी, हातात असून नसल्यासारखी. हिच्याखाली माणूस गुदमरतो हे मला पहिल्यांदाच खरं वाटलं. खालून पुन्हा ‘हूं’ आलं. मी चिमूटभर रुई सोडली, अगदी नातवंडाच्या दुलईत भरावी तेवढी. पुन्हा हात आखडले. छातीत दूध भरून आलं होतं ते दुखायला लागलं. खाली उभे असलेले लोक बघत होते आणि मला कवळ सोडता येत नव्हती. जे काम मी तीन हंगाम गर्वाने केलं ते मला येईनासं झालं होतं. मी घाबरले नव्हते. पळून जावं असं वाटत नव्हतं. मी तिथेच होते, हात पसरून, आणि हात माझे नव्हते.

“अवो बाई, टाक ना!” मुकादम ओरडला. “सांज कराची हाये काय अठी?”

भासऱ्यांनी संधी साधली. “घ्या,” ते मोठ्याने म्हणाले, “आता हे बी कचरली!”

सगळी वखार हसली. त्यात वाईट मनाचं कोणी नव्हतं, हेही सांगते. दिवस तेजीचे होते, लोकांना हसायला काहीही पुरायचं. पण ते हसू थैल्यात आतपर्यंत ऐकू जात असणार, हे माझ्या एकटीच्या लक्षात आलं. आता हे दोर धरून वर येतील, उतरतील, गाठोडं उचलतील. संपलं. मी कवळ छातीशी घट्ट धरली आणि थैल्याच्या तोंडाकडे बघत राहिले. दोर हलला नाही.

मग थैल्याच्या तळातून त्यांचा आवाज आला. तीन महिने ज्याच्या तोंडून लोकांनी शब्द ऐकला नव्हता त्या माणसाचा आवाज, मोठा आणि शांत.

“हासू नका कोनी. तिले घाई करू नका. तिचे हात उघडतीन तवा उघडतीन. मी अठीच हाये.”